धरून ठेवा, आबा

"दिसी ऱ्हायनं का?"

"मुंग्याच शेतस!"

"आते?"

"जास्त मुंग्या!"

"आते?"

"आते त काहीच नही. लाइट गयी का काय, देख बरं!"

खाली टीव्हीसमोर बसलेल्या मायचं हे उत्तर ऐकून रंजिताने हातातला पाना छतावर आपटला. पाना उडाला, पाण्याच्या टाकीवर आदळला आणि टाकीच्या मागे जाऊन पडला. म्हणजे आता तोही शोधायचा. समोरच्या छतावरून लखन हसला. त्याच्या हातात पतंगाची चक्री होती, तोंडात तिळाचा लाडू होता, आणि सकाळपासून त्याला पतंगापेक्षा रंजिताची गंमत बघण्यात जास्त रस होता.

"काय हसस रे, माकड?"

"हासू नही त काय रडू? सकाळपासून तो पाइप फिरवी ऱ्हायनी. दळन दळी ऱ्हायनी का तू?"

संक्रांत होती. गल्लीतलं प्रत्येक छत माणसांनी भरलेलं होतं. कोणाचा स्पीकर, कोणाची शिट्टी, कोणाचा पतंग कापला की सगळ्या पोरांचा एकच ओरडा. तापीवरून वारा येत होता, चांगला जोरात. पतंगवाल्यांना असा वारा म्हणजे सण. अँटेना बसवणाऱ्याला असा वारा म्हणजे डोक्याला ताप. पाइप डुलायचा, काड्या थरथरायच्या, आणि रंजिताने केळीच्या दोरीने बांधलेली गाठ हळूहळू सरकायची.

आणि संध्याकाळी साडेसहाला कार्यक्रम होता.

कार्यक्रम शेतीचा. एरवी रंजिताने असला कार्यक्रम बघायला कोणी लाडू दिला असता तरी बघितला नसता. पण आज त्यात आबा होते. आणि आबांच्या तोंडून एक गोष्ट निघाली होती, ती तिला ऐकायची होती. बस्स, एवढंच. एवढ्यासाठी ती दोन दिवसांपासून छतावर मरत होती.

झालं होतं असं. त्यांची केळी नदीकाठच्या वावरात आहे. केळीला ठिबक. आणि ठिबकच्या काळ्या नळ्या खारी कुरतडायच्या. रोज नवीन भोक. आबा रोज नळ्या जोडायचे आणि रोज खारींच्या सात पिढ्यांना शिव्या द्यायचे. औषध टाकून झालं, फटाके फोडून झाले, गोफण झाली. रंजिताने शाळा सोडली होती. दहावीत गणिताच्या सरांशी वाजलं, तिने कंपासपेटी खिडकीतून बाहेर फेकली, ती आणायला म्हणून वर्गाबाहेर गेली ती परत गेलीच नाही. तेव्हापासून ती दिवसभर वावरात. करायला काही नसलं की तिला एका जागी बसवत नसे, पण बघत मात्र बसायची. आणि तिला दिसलं की खार सकाळी नळीला तोंड लावत नाही. दुपारी लावते. मोटर बंद झाल्यावर. माती कोरडी पडल्यावर. खारीला नळी खायची नव्हती, तिला पाणी पाहिजे होतं!

मग रंजिताने उकिरड्यावरून फुटक्या माठांच्या खापऱ्या गोळा केल्या, बांधाच्या आत केळीच्या सावलीला ठेवल्या, आणि मोटर बंद करायच्या आधी त्या पाण्याने भरायला लागली. खारी खापरीवर येऊन पाणी प्यायल्या आणि नळ्या वाचल्या. आबांच्या शिव्या थांबल्या. एकदा फक्त म्हणाले, "औंदा खारी कमी शेतस." कमी कुठे होत्या! तितक्याच होत्या. पाणी पिऊन झाडावर बसून त्यांच्याकडेच बघत होत्या.

ही गोष्ट कशी कोण जाणे कृषीच्या साहेबाच्या कानावर गेली, आणि त्याच्याकडून टीव्हीवाल्यांच्या. गेल्या महिन्यात गाडी आली. गाडीतून कॅमेरा उतरला, छत्री उतरली, टोपी घातलेला एक माणूस माइक घेऊन उतरला. रंजिताने त्या दिवशी नवा ड्रेस घातला होता. टोपीवाल्याने तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बेटा, चहाचं बघतेस का जरा?" ती वावरातून घरी, घरून किटली घेऊन परत वावरात. येईपर्यंत कॅमेरा पेटीत गेला होता.

लखन मात्र तिथेच होता, केळीच्या घडाआड उभा. तो तिच्या चुलत्याचा पोरगा, तिच्याच वयाचा आणि तिच्याच इतका आगाऊ. त्या दिवसापासून तो तिला चिडवत होता.

"टोपीवालानी इचारं ना, ही युक्ती कोनी म्हनीसन."

"मग? आबा काय बोलनात?"

"ते मी नही सांगाव. टीव्हीवर देख."

"सांग ना रे!"

"नही. तू माले परवा कुत्रा म्हननी व्हती."

आबांना विचारलं तर आबा म्हणाले, "काय बोलसू? शेतीनं बोलनू." आणि मोटरसायकलला किक मारून निघून गेले.

आबांनी तिचं नाव घेतलं असेल. तिच्या मनात हेच होतं. शाळा सोडली त्या दिवसापासून आबा तिच्याबद्दल लोकांशी बोलायचं टाळायचे. कोणी पाहुणा विचारायचा, "पोर काय करस मग?" की आबा म्हणायचे, "शे घर." आहे घरी. जशी काही भिंतीला टेकवून ठेवलेली शिडी. एकदा तरी त्यांनी कुठेतरी म्हणावं की ही माझी पोरगी, हिने हे केलं. आणि ते त्यांनी टीव्हीवर म्हटलं असेल तर? सगळ्या जिल्ह्यासमोर?

डिश होती घरी. छतावर भांड्यासारखी बसलेली. पण हा कार्यक्रम डिशवर येत नव्हता. तो फक्त धुळ्याकडच्या टॉवरवरून, छपरावरच्या काड्यांनी पकडायचा. एकदाच लागणार, परत लागणार नाही. टोपीवाल्याने स्वतः आबांना तसं सांगितलं होतं, आणि जाता जाता हेही म्हणाला होता की टॉवर आता थोड्या दिवसांचा सोबती आहे.

गल्लीत असा चालू अँटेना एकाच घरी होता. नवलसिंग काकांच्या. त्यांनी डिश घेतलीच नव्हती. रोज संध्याकाळी ते शेतीचा कार्यक्रम लावायचे, आवाज इतका मोठा की अख्ख्या गल्लीला कापसाचा भाव कळायचा.

"मंग नवलभाऊना घर जाय ना," मायने म्हणजे नूतनबाईने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "तठे बठीसन देख. काबर इतला कुटाना?"

"मी मरसू पन तठे नही जावाव."

कारण आठवड्यापूर्वीच रंजिताने नवलसिंग काकांना भर गल्लीत 'फुकटे' म्हटलं होतं. ते रोज रंजिताच्या घरच्या ओसरीवरच्या नळाला पाइप लावून आपल्या म्हशी धुवायचे. आबा बघायचे आणि गप्प बसायचे. रंजिताला गप्प बसणं जमत नाही. तिने नळ बंद केला आणि पाइप गल्लीत फेकून दिला. "फुकट्या माणसाले लाज नही!" असं काहीतरी बोलली. काहीतरी म्हणजे तेच. सगळ्यांनी ऐकलं. आता त्याच माणसाच्या घरी जाऊन चटईवर बसायचं?

म्हणून नवा अँटेना. घरचा जुना डिश आल्यावर भंगारात गेला होता.

आदल्या दिवशी ती शहाद्याला गेली. अजितच्या दुकानात. अजित म्हणजे टीव्ही, पंखे, मिक्सर, काहीही दुरुस्त करणारा माणूस. दुकान इतकं अरुंद की गिऱ्हाईक आत आलं तर अजितला बाहेर यावं लागतं.

"अँटेना?" तो म्हणाला. "कोणाच्या घरी जन्मलीस तू? आता कोण घेतं अँटेना?"

"मी घेते. मोठा द्या. जास्त काड्यांचा."

"काड्या मोजून घेऊ नको. लांबी बघून घे. जवळजवळ बारीक काड्या असतात तो वेगळ्या चॅनलचा, लांब काड्यांचा वेगळा. तुझा टॉवर कोणता?"

तिला ते माहीत नव्हतं. पण तिने नवलसिंग काकांच्या छपराकडे हजार वेळा रागाने बघितलं होतं, आणि रागाने बघितलेलं तिच्या डोळ्यातून जात नाही. "हाताएवढ्या काड्या," ती म्हणाली आणि दोन्ही हात पसरून दाखवले. "पुढे आखूड होत जातात. मागची सगळ्यात लांब."

अजितने माळ्यावरून धुळीने भरलेला अँटेना काढला. अगदी तसाच. तिला वाटलं, झालं काम.

"एवढ्याने भागणार नाही," तो म्हणाला. "टॉवर लांब आहे. बूस्टर लागेल."

आणि इथे रंजिताने माती खाल्ली. अजितने दोन बूस्टर काढले. एक छोटासा, काडेपेटीएवढा, पाइपावर वर अँटेन्याला चिकटून लावायचा. त्याला खालून त्याच केबलमधून वीज पाठवायची. दुसरा टीव्हीजवळ ठेवायचा, मोठा, लाल दिव्याचा, फिरवायच्या बटणाचा.

"वरचा घे," अजित म्हणाला.

"तो एवढासा?"

"एवढासा असू दे. सिग्नल वर ताजा असतो. तिथेच वाढवला तर वाढतो. केबलमधून खाली येता येता तो मरतो, त्यात कचरा मिसळतो. मग खाली बूस्टर लावलास तर कचरासुद्धा मोठा होऊन दिसेल."

"पण याला बटण आहे."

"बटण आहे म्हणून काय?"

"कमी-जास्त करता येतं ना."

अजितने तिच्याकडे बघितलं आणि हात जोडले. "घे बाई. नाही चाललं तर बदलून ने."

नाहीच चाललं. रात्रभर बटण फिरवलं. बटण कमी असलं की बारीक मुंग्या, जास्त केलं की जाड मुंग्या. पूर्ण फिरवलं की मुंग्यांच्या मागून एक गुजराती बाई बोलायची आणि गायब व्हायची. आबा जेवता जेवता म्हणाले, "काबर करस इतलं? जे बोलनू ते बोलनू. डिशवर पिच्चर लाव." ते ताटावरून नजर वर करत नव्हते. रंजिताला वाटलं, हे नेहमीचंच. आबांना तिने केलेली कोणतीच गोष्ट आवडत नाही.

संक्रांतीच्या सकाळी ती पहिल्या गाडीने परत शहाद्याला गेली. अजितचं शटर अर्धं उघडं होतं. त्याने फक्त हसत काडेपेटीएवढा बूस्टर पुढे केला. ते हसणं तिला चाबकासारखं लागलं.

घरी येऊन तिने तो वर लावला. केबल सोलली, तार कसली, टेप गुंडाळली. हात बरोबर होते, काम बरोबर होतं, हे तिला कळत होतं. आणि दिशा? दिशा तर सोपी होती. गल्लीत अजून वीसेक जुने अँटेने होते, डिश आल्यापासून कोणी हात न लावलेले. सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला, नदीकडे. इतके लोक एकाच बाजूला तोंड करतात तर टॉवर तिकडेच असणार. तिनेही आपला अँटेना कालसारखाच नदीकडे केला.

मुंग्या.

थोडा डावीकडे. मुंग्या. थोडा उजवीकडे. जास्त मुंग्या. दुपार झाली, ऊन डोक्यावर आलं, पाइप तापला, तळहाताला फोड आला. खालून माय ओरडून ओरडून बसलेल्या आवाजात 'मुंग्या' म्हणायची आणि मध्येच 'पोळी खाई ले' म्हणायची.

आणि आता पाना टाकीमागे पडला होता.

"ए रंजी," लखन पलीकडून म्हणाला. "एक इचारू?"

"नको."

"तू नदीकडे काबर धरना तो?"

"सगळ्यांचे तिकडे आहेत म्हणून. दिसत नाही का?"

लखनने लाडू गिळला. मग तो जो हसायला लागला तो चक्री खाली ठेवून, पोट धरून हसायला लागला. शेजारच्या छतावरची पोरंही वळून बघायला लागली.

"अवं येडी! त्या पतंगसाठे फिरायेल शेतस! संक्रांतले सगळा अँटेना वारानी लाइनमा करी टाकतस ना! मांजा अटकाले नको म्हनीसन! नंतर कोनी परत फिरायाच नहीत!"

रंजिताच्या कानात एकदम गरम हवा भरल्यासारखं झालं. तिला आठवलं. लहान असताना तिने स्वतः केलं होतं हे. संक्रांतीच्या आदल्या दिवशी आबा तिला खांद्यावर घ्यायचे आणि ती अँटेना वाऱ्याच्या रेषेत फिरवायची, म्हणजे पतंगाची दोरी अडकत नाही, घसरून जाते. सण झाला की आबा शिट्टी वाजवत अँटेना परत जागेवर आणायचे. मग घराघरावर डिश आली, आणि गल्लीतल्या अँटेन्यांनी शेवटच्या संक्रांतीला मान फिरवली ती तशीच राहिली. वर्षानुवर्षं सगळे रिकाम्या नदीकडे बघत उभे. आणि ती दोन दिवस त्यांचं ऐकत होती!

"मंग तू सकाळपासून काबर नही सांगं?" ती किंचाळली.

"तू इचारंच कोठे? तू त माले माकड म्हननी!"

टाकीवर तिळाचं ताट होतं. तिने त्यातला एक लाडू उचलून फेकून मारला. तो लखनला लागला नाही. त्याने तो झेलला आणि खाल्ला. राग वाढवायला एवढं पुरे होतं.

सगळ्या गल्लीत एकच अँटेना वेगळ्या बाजूला तोंड करून होता. नवलसिंग काकांचा. शेवटी त्यांच्याकडूनच शिकायचं होतं तर! तिने दात आवळले, पाना शोधला, पाइप सैल केला आणि अँटेना फिरवत फिरवत बरोबर काकांच्या अँटेन्याच्या रेषेत आणला.

"उनं!" खालून माय ओरडली. "उनं, उनं! मानूस दिसना! ...गयं."

"परत कर?"

"उनं! गयं!"

वारा. पाइप वाऱ्याने मागे झुकला की चित्र जायचं, पुढे आला की यायचं. तिने दोरी कसली, पाचर ठोकली, टाकीला बांधला, छताच्या कठड्याला बांधला. गाठ सरकायचीच. कठडा जुना, पाइपाची कडी गंजलेली. सहा वाजून गेले. खाली घरात गल्लीतल्या बाया जमायला लागल्या, कारण मायने सकाळीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आज आमच्या यांचा टीव्ही आहे. चटया टाकल्या. पोरं पुढे बसली.

तेवढ्यात आबा वर आले. पांढरा शर्ट घातलेला, केसाला तेल, आणि चेहरा असा की जणू कोणीतरी गेलंय आणि त्याच्या दारावर बसायला निघालेत.

"व्हयनं का?"

"नाही होत. वारा आहे. बांधून राहत नाही." तिच्या डोळ्यात पाणी आलं होतं ते रागाने. तिने ते बाहीने पुसलं आणि नाक ओढलं.

आबांनी पाइपाला हात लावला, उगाच, कसा बांधलाय ते बघायला.

"उनं!" खालून सगळ्या बायांचा एकदम आवाज. "एकदम साफ! धरी ठेवा, धरी ठेवा!"

आबांनी हात काढला. खालून "अर्रर्र!" आबांनी हात लावला. "उनं!"

आबांच्या उंचीमुळे, की त्यांनी पाइप जरा पुढे ओढून धरला म्हणून, की त्यांच्या अंगाचंच काही, पण चित्र त्यांच्या हाताला बांधलेलं होतं. रंजिताने धरून बघितला तर मुंग्या. तिला तेवढी उंची नव्हती.

"तू खाले जाय," आबा म्हणाले. "मी धरस."

"तुम्हाला बघायचं नाही?"

"माले काय देखनं? मन्हंच तोंड." ते पटकन म्हणाले, आणि तिला वाटलं की त्यांना सुटल्यासारखं झालंय. खाली बायांच्या मध्ये बसण्यापेक्षा त्यांना छत बरं. तिने जास्त विचार केला नाही. वेळच नव्हता.

"धरून ठेवा, आबा," ती जिन्यावरून ओरडली. "काही झालं तरी सोडू नका!"

खाली टीव्हीवर चित्र इतकं स्वच्छ होतं की बायांनी तोंडाला पदर लावले. त्यांचंच वावर. त्यांचीच केळी. आणि मध्ये आबा, हाच पांढरा शर्ट, हात शरीराला चिकटवून उभे. मायने आवाज पूर्ण वाढवला.

"आम्ही ठिबक सिंचन केलेले आहे," टीव्हीतले आबा पुस्तकातल्यासारखं म्हणाले. खोलीत हशा झाला. "देखा, देखा, कसा मास्तरगत बोली ऱ्हायनात!"

"गप बसा ना!" रंजिता ओरडली.

मग खारींचं झालं. कुरतडलेली नळी दाखवली. मग खापऱ्या. तिच्या खापऱ्या! एकीवर अजून तिने कोळशाने काढलेली रेघ होती, पाणी कुठपर्यंत भरायचं त्याची. रंजिता टीव्हीच्या इतकी जवळ गेली की मागच्या पोरांनी "डोकं, डोकं!" म्हणून आरडाओरडा केला.

टोपीवाला हसत कॅमेऱ्याकडे वळला. "मगनभाऊ, आता प्रेक्षकांना सांगा, ही भन्नाट युक्ती नेमकी सुचली कोणाला?"

टीव्हीतल्या आबांनी एकदा बाजूला बघितलं. बाजूला, म्हणजे जिकडून ती चहा घेऊन येणार होती त्या वाटेकडे. त्यांनी तोंड उघडलं.

आणि मुंग्या.

पूर्ण पडदाभर, खसखसत, पांढऱ्या-काळ्या मुंग्या.

"आबा!" रंजिताने किंकाळी फोडली. "आबा, धरा! धरा ना!"

मुंग्याच. बाया हळहळल्या. माय जिन्याकडे तोंड करून ओरडली. काकांच्या टीव्हीचा आवाजही आज गल्लीतल्या स्पीकरांत बुडाला होता. मुंग्या हलल्या नाहीत. त्या जेव्हा हलल्या तेव्हा टोपीवाला एकटाच होता आणि पुढच्या आठवड्यात हरभऱ्यावरच्या अळीबद्दल सांगत होता.

रंजिता जिना दोन-दोन पायऱ्या सोडून वर गेली.

"का सोडला?"

आबा पाइपापासून हातभर दूर उभे होते. पाइप वाऱ्यावर डुलत होता. "हात दुखना," ते म्हणाले.

"आत्ताच दुखला? तेव्हाच?"

आबा नदीकडे बघत राहिले. खालचा टीव्ही किती मोठ्याने लावला होता हे तिला आत्ता ऐकू आलं. छतावर प्रत्येक शब्द येत होता. पुढचा शब्द कोणता आहे हे आबांना माहीत होतं. पण तो शब्द कोणता असेल, हे तिला नीट पकडता येईना.

ते तिला नवलसिंग काकांनी पकडून दिलं. आपल्या छतावर काका धोतर सावरत आले, दोन्ही हात वर करून.

"मगन! ओ मगन! भारी बोलना भो!" अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. "'माझ्याच डोक्यातून निघालं' म्हने! वा! खारीना डोकामा तूच घुसना रे भो!"

दोन-तीन छतांवरून टाळ्या पडल्या. कोणीतरी शिट्टी मारली. लखनने मात्र चक्री छातीशी धरली आणि मान खाली घातली. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

रंजिताने पाना उचलला, पण तो फेकला नाही. हे तिच्या आयुष्यात फार कमी वेळा झालं असेल. तो हातात नुसता फिरवत राहिली.

"तो एकदम इचारी टाकं," आबा तिच्याकडे न बघता हळू म्हणाले. "कॅमेरा समोर. तोंडमाईन निंघी गयं."

"चहा आणायला गेले होते मी. तेवढ्यात निघून गेलं."

"हो."

"म्हणून हात दुखला."

आबांनी पाइपाची सैल गाठ चाचपली.

"मगन!" काका पलीकडून परत. त्यांना अजून आनंद आवरत नव्हता. "मन्ही बी नळी खाई टाकी ऱ्हायन्यात रे त्या! सांग मंग, खापऱ्या कितल्या ठेवानं? कोठे ठेवानं? उनमा का सावलीमा?"

आबांनी तोंड उघडलं. "बांधवर ठेव," ते म्हणाले. "चारी कोपरासवर..."

बांधावर नाही. आत, सावलीला. बांधावर ठेवल्या तर कुत्री पितात. रंजिताच्या ओठांवर आलं होतं, पण तिने दात घट्ट आवळले. बोलू देत. बोलू देत त्यांना. त्यांच्याच डोक्यातून निघालंय ना!

आबा थांबले. त्यांनी तिच्या आवळलेल्या तोंडाकडे बघितलं. मग वर बघितलं, सगळ्या छतांकडे, सगळ्या माणसांकडे, वर अडकलेल्या पतंगांकडे. मग ते कठड्याजवळ गेले आणि एरवी बैलाला हाक मारतात त्या आवाजात ओरडले.

"माले म्हाईत नही, नवलभाऊ! माले इचारू नको! मन्ही आंडेरले इचार! तिनंच शे ते सगळं!"

"काय?"

"रंजितानं! तिनी देखं, तिनी ठेयात! मी टीव्हीवर खोटं बोलनू!"

गल्लीत स्पीकर चालू होता, पण माणसांचा आवाज थांबला. खालून माय जिन्यात येऊन उभी राहिली. नवलसिंग काका कानामागे हात धरून उभे होते. त्यांना पहिल्यांदाच नीट ऐकू गेलं होतं आणि आता परत ऐकायचं होतं की काय असं वाटत होतं. मग त्यांनी रंजिताकडे बघितलं. मिशीत हसले.

"मंग काय वं पोरी," ते ओरडले, "माले सांगशीन का? का फुकट्यासले सांगत नहीस?"

आख्खी गल्ली हसली. लखन सगळ्यात मोठ्याने. रंजिताचे कान तापले, तोंड लाल झालं, आणि तिला कळेना की आता कोणाला काय फेकून मारावं.

"सकाळी या!" ती ओरडली. "म्हशीले बी लई या, नळ उघडा शे! आज मन्हं डोकं जागावर नही!"

काकांनी हात वर केला आणि खाली गेले. पोरं परत पतंगाला लागली. कोणीतरी पहिला दिवा वर सोडला, पतंगाच्या दोरीला बांधलेला, हळूहळू वाऱ्याच्या दिशेने.

रंजिता वळली. "हे त्या टोपीवाल्याला सांगायला पाहिजे होतं," ती आबांना म्हणाली. "तिथे. जिल्ह्यासमोर. इथे गल्लीत काय?"

"हो," आबा म्हणाले. "तठेच सांगाले पायजे व्हतं."

"आता तो परत लागणार पण नाही."

"नही."

तिने बूस्टरची टेप सोडायला घेतली. सकाळी गुंडाळलेली टेप आता निघत नव्हती, नखाखाली गोळा होत होती. दोन दिवस. दोन दिवस हे करून शेवटी काय ऐकलं, तर मुंग्या. तिने टेपला एक शिवी दिली.

आबांनी पुढे होऊन पाइप धरला, तिला काढता यावं म्हणून, दोन्ही हातांनी, जरा पुढे ओढून.

"उनं!" जिन्यातून माय ओरडली. "साफ उनं! कापूसना भाव सांगी ऱ्हायनात! धरी ठेवा, धरी ठेवा!"

"आता काय उपयोग!" रंजिता ओरडली. "सोडा, आबा."

आबांनी सोडला नाही.